पडायला शिकवा

माझ्या रागाचं मूळ जुन्नरच्या आमच्या कागदाच्या कारखान्यात आहे. थोरला भाऊ वजीर सातव्या वर्षापासून दिवसभर लगद्याच्या हौदात वाकून कागदाची चौकट उपसत राहिला. विशीत पोचला तेव्हा त्याचा एक खांदा वर, एक खाली. सदरा बेतताना शिंपी दर ईदेला हसायचा आणि मला त्या शिंप्याचा गळा धरावासा वाटायचा. तेव्हापासून लहान पोराला कुणी एकाच कामाला जुंपलं की माझं डोकं फिरतं.

छप्पन साली मी ओतूरजवळच्या एका वाडीत शाळेवर रुजू झाले आणि दुपारचा एक तास पोरांना मोकळं सोडलं. मोकळं म्हणजे वाऱ्यावर नव्हे. आज बांधावरून लंगडी, उद्या चिंचेवर चढणं, परवा पेंढ्याच्या ढिगावरून कोलांट्या. डाव्या हातानं नेम धरायचा, रांगायचं, उलटं चालायचं. गाव म्हणालं, नजमाबाईंना शिकवायचा कंटाळा आहे.

सगळ्यात मोठा आवाज शाळा कमिटीच्या धर्माजीबाबांचा. बाबांचे शर्यतीचे बैल पंचक्रोशीत नावाजलेले. जत्रेत घाटावर, म्हणजे शर्यतीच्या त्या सरळ चढावर, त्यांचा गाडा सुटला की लोकांना नुसती धूळ दिसायची. त्यांचा नातू संपत आठ वर्षांचा, आणि खरं सांगते, तसं पळणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही. बाबांनी त्याला माझ्या तासातून पहिल्याच दिवशी उचललं.

"बाई, गाड्याच्या बैलाला कुनी नांगराला जुंपतं का? पोरगं पळनारं हाय, त्यानं पळावं. झाडावरनं पडून तंगडी मोडली म्हंजी?"

"ते पोर आहे बाबा, बैल नाही."

"मग ओतूरला बघू. तालुक्याच्या शर्यतीत तुमच्या माकडांतल्या येकानं जरी संपतला मागं टाकलं, तर मी तोंड उघडनार न्हाई. न्हाई टाकलं, तर तुमचा तास बंद, आन तुमच्या बदलीचा अर्ज मी सोता धाडनार."

"चालेल," मी म्हणाले. आधी जीभ, मग डोकं, हा माझा जन्माचा स्वभाव.

घरी जाऊन मात्र घाबरले. बदली झाली असती तर दुसऱ्या गावात चूल मांडली असती. पण तो तास माझा जीव की प्राण होता. संपतला पहाटे घाटावर पळवत होते, अंडी चारत होते, खेळायची बंदी होती. आणि माझ्याकडे कोण, तर साळुबाईची भागू. बुटकी, गुबगुबीत. वर्षापूर्वी तिला बांध ओलांडायचा तर आधी खाली बसावं लागायचं.

शर्यत दरवर्षीचीच. लहान गटात मुलं-मुली एकत्र. मैदानाच्या टोकाला झेंडे रोवलेले, आपला झेंडा उपटून परत यायचं. संपत सुटला तो सुटलाच. भागूच्या दहा पावलं पुढे झेंड्यापाशी पोचला, आणि थांबताच येईना! घाटावर बैल कधी मागे वळत नाहीत. पार पुढे जातात, मग माणसं त्यांना धरतात. बाबांनी पोराला तसंच तयार केलं होतं. संपत झेंडा सोडून पुढे गेला, वळायला गेला आणि पायात पाय अडकून सपशेल आडवा झाला.

भागूनं दोन पावलं आधीच वेग तोडला, वाकली, झेंडा उपटला, गर्रकन फिरली. निम्म्या वाटेत तिला दगडाची ठेच लागली. तिनं हनुवटी छातीला लावली, कोलांटी घेतली आणि झेंड्यासकट उभी! तोवर संपत उठून झेंडा घेऊन वाऱ्यासारखा येत होता. वीतभर, फक्त वीतभर अंतरानं भागूनं दोरी तोडली. मी पदर सावरायचं विसरून नाचले. लोक बघत होते, बघू देत.

बाबा आधी नातवापाशी गेले. त्याचे गुडघे फुटले होते.

"बाबा, मला वळताच आलं न्हाई. कुनी शिकवलंच नव्हतं," संपत रडत होता.

नातवावर उधळायला आणलेली भंडाऱ्याची पिशवी घेऊन बाबा आमच्याकडे आले आणि सगळी भागूच्या डोक्यावर रिकामी केली. पोरगी नखशिखांत पिवळी झाली.

दुसऱ्या दिवशी तासाला बाबा संपतचा हात धरून अंगणात उभे. मी रात्रीपासून वीस टोमणे तयार ठेवले होते.

"बाई," ते म्हणाले, "ह्याला पडायला शिकवा."

वीसही टोमणे विसरून मी संपतचा हात हातात घेतला. डोळ्यांपुढे वजीरचा खांदा आला.

संपत पेंढ्यावर चढला. "हनुवटी छातीला लाव," भागूनं हुकूम सोडला. तो गडगडत खाली आला, केसांत काड्या घेऊन उभा राहिला आणि खळखळून हसला. तो हसतो कसा हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"आणिक येकदा!" धर्माजीबाबा पोरांच्या वर आवाज काढून ओरडले.