अडचणीचा रकाना

अर्जकाकांनी भाषणाचा कागद चौथ्यांदा उघडला, तेव्हा काकूंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"अहो, पुरे आता. पाठ झालंय तुमचं. ऐकून ऐकून माझंसुद्धा झालंय, आणि मला तर त्यातलं अक्षर कळत नाही."

नगरपालिकेच्या सभागृहात अंदाजपत्रकावर लोकांचं म्हणणं ऐकायचा तो दिवस होता. ज्याला काही मागायचं असेल त्याने दारापाशी नाव लिहून द्यायचं, हाक आली की माइकसमोर जायचं आणि तीन मिनिटांत आटपायचं. सकाळपासून कुणी रस्त्यावरचे दिवे मागत होतं, कुणी पोहण्याच्या तलावाला नवं छप्पर. काकांचा नंबर सतरावा होता आणि ते एक दुभाषी मागायला आले होते. नवी नव्हे, आहे तीच राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

वस्तीजवळच्या दवाखान्यात सोमवारी आणि गुरुवारी एक दुभाषी ताई बसत. बाहेरून येऊन इथे राहिलेल्या माणसांचं दुखणं त्या डॉक्टरांना इथल्या भाषेत सांगत आणि डॉक्टरांचं बोलणं माणसांना त्यांच्या भाषेत. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यांचे हे दोन दिवस कापले होते. बातमी कळली तशी अख्खी वस्ती काकांच्या दारात येऊन उभी राहिली. काहीही झालं की काकांचं दार ठोठावायचं, ही तिची तीस वर्षांची सवय होती.

काका मूळचे कारखान्यातले फिटर. पण इथली भाषा त्यांनी सगळ्यांच्या आधी शिकून घेतली, आणि अक्षर तर असं की एकेक मोत्याचा दाणा. शाळेचा प्रवेश असो, पाण्याची जोडणी असो की बसमध्ये विसरलेली छत्री, अर्ज लिहायचे ते काकांनीच. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर तर स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे त्यांचं ऑफिसच झालं, आणि काकू भाजी मांडीवर घेऊन चिरू लागल्या.

खरं सांगायचं तर दुभाषी ताई आल्या तेव्हा काकांना जरा लागलंच होतं. त्यांच्याआधी लोकांना दवाखान्यात न्यायचा मान काकांचा होता. चारचौघांत ते म्हणत, मुलगी हुशार आहे हो. पण काकूंना डॉक्टरकडे न्यायचं झालं की मुद्दाम मंगळवार धरत. घरचा माणूस असताना परक्याची काय गरज, असं त्यांचं म्हणणं. आज ते आले होते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. सकाळी काकू आपणहून "मीही येते" म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याचं भाषण ऐकायची हौस म्हणून ते मनातून सुखावले होते.

सतरावी हाक आली. काका उठले, कोट खाली ओढला आणि माइकसमोर गेले. भाषण छान झालं. कुठल्या घरातली म्हातारी गोळ्या चुकीच्या वेळी घेत होती, कुठल्या बाईला लसीचा दिवस कळला नव्हता, सगळं त्यांनी बिनचूक आणि नम्रपणे सांगितलं. अध्यक्षबाई मान हलवत होत्या. दोन मिनिटं झाली होती आणि आभार मानायचे तेवढे राहिले होते.

तेवढ्यात उजव्या बाजूच्या चष्मेवाल्या सदस्यांनी एक जाडजूड फाईल उघडली. माणूस वाईट नव्हता. आवाजातही कुरापत काढण्याचा सूर नव्हता. ते म्हणाले, नगरपालिका दरवर्षी घरोघर एक फॉर्म पाठवते. बाकीच्या भागांतून निम्मेसुद्धा परत येत नाहीत. तुमच्या वस्तीतून मात्र एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस येतात, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. शेवटचा रकाना असा आहे, की आमच्या सेवा घेताना आपल्याला काही अडचण येते का. त्यावर एकशे बेचाळीस घरांनी एकच उत्तर दिलं आहे.

त्यांनी एक कागद उचलून वाचला.

"काहीही अडचण नाही. आम्ही आपले आभारी आहोत."

मग काहीशा संकोचाने त्यांनी विचारलं, की ज्या भागांनी अडचण कळवली आहे त्यांना मिळणारे दोन दिवस काढून, ज्यांना अडचणच नाही त्यांना द्यायचे कसे?

कागद दूर होता, तरी काकांनी अक्षर ओळखलं. ते सगळे फॉर्म त्यांनीच भरले होते. लोक समोर बसून सांगायला सुरुवात करत, की त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते कळलंच नाही, आणि काका हसून हात वर करत. हे लिहायचं नसतं. कुणाच्या घरी गेल्यावर "काही हवंय का" असं विचारलं, तर नको, सगळं छान आहे, असंच म्हणतात ना? तसं हे. वस्तीही मान डोलवायची. राहू दिलंय हेच खूप, ही धास्ती त्या सभ्यपणाच्या तळाशी होती. पण ती कुणी बोलून दाखवत नसे.

"ते मी लिहिलंय," काका म्हणाले. "सगळं मीच. लोकांना वेगळं सांगायचं होतं."

"मग असं का लिहिलंत?"

काकांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. सदस्य बोलताना ते थांबवलं होतं; पन्नास सेकंद उरले होते. आपल्या चांगल्या अक्षरानेच वस्तीचे दोन दिवस घालवले, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघतात तर काकू.

अध्यक्षबाईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, यांचं नाव नाही, पण तुमच्या उरलेल्या वेळात बोलायला हरकत नाही. भाषांतर कोण करणार? गुरुवार असल्यामुळे दुभाषी ताई दवाखान्यात होत्या. म्हणजे काकांशिवाय होतंच कोण?

काकूंनी अध्यक्षबाईंकडे पाहून आपल्या भाषेत सांगितलं की त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण मला कुणी विचारलं नाही. माझ्याच टेबलावर माझा फॉर्म माझ्याशिवाय भरला गेला.

"माझी पत्नी म्हणते," काका माइकमध्ये म्हणाले, "की तिचीही थोडी अडचण होती."

काकूंना इथली भाषा येत नव्हती, पण लांब आणि आखूड कळत होतं.

"एवढ्यात संपलं? मी केवढं बोलले. अहो, जसंच्या तसं सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं, या वेळी टेबलासकट.

"वीस वर्षं हेच माझ्याबरोबर डॉक्टरकडे येतात," काकू म्हणाल्या. "मी म्हणते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. हे सांगतात, झोप जरा कमी आहे. डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि हे मला म्हणतात, काळजीचं कारण नाही. मुद्दाम नाही करत. माझं काही वाईट यांच्या तोंडून निघतच नाही."

काकांनी तेही सांगितलं. अध्यक्षबाई पुढे झुकून ऐकत होत्या.

"माझं एक दुखणं आहे. दोन वर्षं झाली. यांच्यासमोर मला ते बोलताच येईना. यांचा चेहरा पडतो, मग माझं राहतं बाजूला आणि मी यांनाच समजावत बसते. तीन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी मी एकटी गेले. ताईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, डॉक्टरांचं सगळं मला सांगितलं. आता औषध चालू आहे. ताई गेल्या तर पुढच्या वेळी मी कुणाच्या तोंडाने बोलू?"

घड्याळ शून्यावर आलं. कारकुनाने अध्यक्षबाईंकडे पाहिलं, त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं. गुरुवारी ही शिवणाच्या वर्गाला जाते, असं काकांना माहीत होतं. तीन महिन्यांत घरात शिवलेलं एक फडकंसुद्धा दिसलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. याच गोष्टीचे चार सौम्य, सभ्य शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. सभागृहात कुणालाही फरक कळला नसता.

त्यांनी एकेक वाक्य घेतलं आणि पूर्ण सांगितलं. स्वतःचा चेहरा पडतो, तेही. 'दोन वर्षं' म्हणताना आवाज फाटला, म्हणून ते परत म्हणाले.

अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, की दुखणं गंभीर तर नाही ना? काका काकूंकडे वळले. प्रश्न अध्यक्षबाईंचा होता. पण इतका जीव मुठीत धरून त्यांनी आजवर कुणाचा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हात पुढे करून त्यांच्या कोटाची दुमडलेली कॉलर नीट केली.

"ते इथे नाही सांगायचं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला आत्ता नाही."

"ते ती इथे सांगणार नाही," काका माइकमध्ये म्हणाले, "आणि मला आत्ता नाही."

चष्मेवाल्या सदस्यांनी फाईल मिटली होती. त्यांनी पेन उचलून विचारलं, की मग नोंदीत तुमचं मागणं नेमकं काय लिहू?

"सोमवार आणि गुरुवार राहू द्या," काका म्हणाले. "मी हिला दवाखान्यात घेऊन जाईन. दारापर्यंत. मग बाहेर बसेन."

सदस्य लिहू लागले. काकूंनी काकांची बाही ओढली.

"काय सांगितलंत त्यांना?"

काकांनी त्यांना आपल्या भाषेत सांगितलं, एकही शब्द न गाळता.