पिन ओढल्यावर

“माणसाचा सगळा इतिहास म्हणजे सुटू पाहणाऱ्या गोष्टी वेळेवर धरून ठेवण्याचा इतिहास आहे,” सासरेबुवांनी कॅरव्हानखालून जाहीर केलं. त्याच क्षणी हातातला स्क्रू सुटला आणि घरंगळत गटाराच्या जाळीतून दिसेनासा झाला.

सुनेने डबीतला दुसरा पुढे केला. उद्या सासरेबुवा ही कॅरव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागे जोडून सात वर्षांच्या नातीसह डोंगरापलीकडे निघणार होते. पण सुनेची अट होती: आधी ब्रेक दाखवा, मग पोरीची बॅग भरते.

चौतीस वर्षं सासरेबुवांनी वीज निरीक्षक म्हणून लोकांच्या जोडण्या नापास केल्या होत्या. स्वतः केलेली ही पहिलीच. बाहेर सरकून त्यांनी चाकाशी बैठक मारली.

“हे बघ. चढावर कॅरव्हान गाडीपासून सुटली, की ही तार ताणली जाते, पिन बाहेर येते आणि विजेवरचे ब्रेक आपोआप आवळतात.”

जॅकवर उचललेलं चाक त्यांनी हाताने फिरवलं आणि पिन ओढली. चाक जागच्या जागी थांबलं. सासरेबुवांनी इकडेतिकडे पाहिलं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

सून वाकून वायरीच बघत होती.

“वीज कुठून येते, बाबा?”

“गाडीतून. या प्लगमधून.”

“आणि कॅरव्हान सुटली, की प्लग?”

“तोही सुट...”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. सुनेने तोवर प्लग उपटला आणि चाकाला हलकेच हात लावला. पिन बाहेर असूनही चाक मजेत फिरू लागलं. इतकं मजेत, की थांबेपर्यंत दोघंही बघत राहिली.

“नापास,” सासरेबुवा कचेरीतल्या आवाजात म्हणाले.

“शेरा काय लिहायचा?”

“कारागीर अतिशहाणा.”

सुनेने ओठ आवळले, पण हसू डोळ्यांतून निसटलंच.

“कॅरव्हानमधल्या पंख्याची वेगळी बॅटरी आहे ना?”

“आहे की. तिथूनच घ्यायला हवी होती.” त्यांनी पक्कड उचलली, जरा पाहिली आणि तिच्यापुढे धरली. “तू जोड. मी तपासतो. मला आयुष्यभर तेवढंच जमलंय.”

तिने पदर खोचला.

“ती नव्हे, लाल घे.”

“लालच आहे. चष्मा घाला आधी.”

अर्ध्या तासाने, प्लग जमिनीवर पडलेला असताना, तिने पिन ओढली. सासरेबुवांनी दोन्ही हातांनी चाक हलवून पाहिलं. ढिम्म. मग तिने पाहिलं. तरी ढिम्म.

सुनेने हात पुसले. “बॅग भरायला घेते,” म्हणून ती दाराकडे वळली.

“अगं पोरी,” मागून आवाज आला, “जरा हात दे. उठता येईना.”