कच्चा आवाज

त्या बुधवारी आई जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःला पडलेल्या शिव्या मोठ्यानं वाचून दाखवत होती. एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात फोन. समोर मी कुणाच्या तरी प्रवासवर्णनाची प्रुफं तपासत होते. माझं पोट त्यावर चालतं.

"हा म्हणतो, पहिला गेम खेळलो तेव्हा मी शाळेत होतो, आता माझा मुलगा शाळेत जातो. काकू, गेम कधी?" तिनं टोस्टचा तुकडा मोडला. "मुलगा झाल्याबद्दल अभिनंदन करावं का गं याचं?"

"उत्तर देऊ नकोस. एकाला दिलंस की बाकीचे अंगावर येतात."

"येऊ देत. अंगावर येतात म्हणजे जीव अडकलाय त्यांचा. गप्प झाले की काळजी करायची."

आईनं बनवलेल्या पहिल्या व्हिडिओ गेमचं नाव 'खालचा मजला'. बुडालेल्या शहरातल्या एका इमारतीत एक माणूस एकटाच खाली खाली उतरत जातो. अगदी तळाशी, अंधारात, टेलिफोन वाजतो. तो रिसीव्हर उचलतो आणि पडदा काळा होतो. फोनवर कोण होतं, हे दुसऱ्या भागात कळणार होतं. दोन वर्षांत येतो म्हणून सांगितलेल्या त्या भागाला अकरा वर्षं झाली. आईनं सगळं दोनदा मोडून नव्यानं बांधलं होतं. स्टुडिओतला आवाजाचा माणूस तिला काकू म्हणायचा. एका व्हिडिओत ते ऐकून चाहत्यांनीही नाव उचललं आणि 'काकू, गेम कधी?' हा प्रश्न ती जे काही टाकेल त्याच्याखाली येऊ लागला. आमच्या मांजराच्या फोटोखालीसुद्धा.

टोस्ट संपवून ती कपड्यांच्या कपाटात शिरली. लटकलेल्या साड्या-कोटांत आवाज घुमत नाही, म्हणून ती तिथे माइक घेऊन बसायची. दुसऱ्या भागात त्या फोनवर जी बाई बोलणार होती, तिची वाक्यं ती स्वतःच बोलून ठेवायची. याला गेम बनवणारे कच्चा आवाज म्हणतात: काम पुढे सरकावं म्हणून घरच्या घरी भरलेला, नंतर नटीच्या आवाजानं बदलायचा. त्यामुळे नटीसाठीच्या सूचनाही आई वाक्यांच्या मध्येच बोलून टाकायची. आणि प्रत्येक फाइलला नाव द्यायची 'फायनल'. यावरून मामा तिच्याशी कायम भांडायचे. मामा म्हणजे स्टुडिओतले तिचे भागीदार. माझे सख्खे कुणी नव्हेत, पण मला सायकल त्यांनीच शिकवली.

संध्याकाळी आईनं मला प्रवासवर्णनातला लेखक कसा आहे विचारलं. कंटाळवाणा, मी म्हटलं. मग त्याला जरा हरवू दे कुठेतरी, म्हणाली, आणि दिवा बंद करून झोपायला गेली.

गुरुवारी ती उठली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच, त्रास झाला नसणार.

जवळच्या सगळ्यांना कळवायचं काम मामांनी केलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की बाहेर जाहीर करू नका, निदान गेम येईपर्यंत. त्यांना वाटलं, आईच्या नावावर सहानुभूती गोळा केलेली मला नको आहे. तेही होतंच. पण जाहीर झालं असतं तर लोकांनी मला विचारलं असतं आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांतली मृत्यूची कितीतरी वर्णनं मी नीट करून दिली आहेत. ते दोन शब्दांचं वाक्य मात्र माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. गावाला जाऊन आलेल्या शेजारच्या बाईंनी जिन्यात विचारलं, आई दिसत नाही कुठे, तर मी हो म्हणून खाली उतरले.

मग दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला. तो बनवणाऱ्या बाहेरच्या लोकांना फोनवरच्या बाईच्या वाक्यांत एक फाइल 'फायनल' नावाची मिळाली आणि त्यांनी ती विश्वासानं लावली. अकरा वर्षं ज्या फोनची वाट पाहिली, तो वाजला. माणसानं रिसीव्हर उचलला. पलीकडून एक थकलेली, किंचित सर्दी झालेली बाई म्हणाली, "तू पोचलास तर. घाबरू नकोस, मी आहे. इथे जरा थांबायचं. आता डावीकडचं दार बघ."

दुपारपर्यंत ते जगभर पसरलं होतं. 'थांबायचं? आणखी? काकू, अकरा वर्षं थांबलोच आहोत की.' कुणी ते वाक्य गाण्यावर बसवलं. कुणी लिहिलं, नटी परवडली नाही म्हणून म्हातारीनं स्वतःच उरकलं. कुणी पैसे परत मागितले. आणि बऱ्याच जणांची एकच मागणी होती: काकू, लपू नका, समोर येऊन बोला.

गेम विकणाऱ्या कंपनीतल्या बाईंनी मला फोन केला. आवाजाचे हक्क आता माझ्याकडे होते, म्हणून. त्या सभ्यपणेच बोलत होत्या. त्यांच्या मते दोनच वाटा होत्या. एक, नटीचा आवाज तयार आहे, तो लावायचा आणि आज संध्याकाळच्या थेट प्रक्षेपणात तसं जाहीर करायचं. दोन, काय घडलंय ते सांगून टाकायचं. "खरं सांगू का, एका पोस्टनं सगळे गप्प बसतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ते लोकांना गप्प बसवण्यासाठी नाही सांगायचं. मग पहिली वाट, त्या म्हणाल्या, नाहीतर हा गेम पहिल्याच आठवड्यात बुडेल आणि स्टुडिओही.

स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. आवाजाच्या माणसानं माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि हेडफोन दिले. "ताई, आधी नटीचं ऐका," तो म्हणाला. "वाईट असतं तर बरं झालं असतं."

वाईट नव्हतं. स्वच्छ, उबदार, नेमका आवाज. 'मी आहे' म्हटल्यावर ती जरा थांबली, आणि मगच दाराकडे वळली. 'इथे जरा थांबायचं' ही आईची सूचना तिनं तंतोतंत पाळली होती. प्रुफवाचक म्हणून मला एकही खूण करता आली नसती.

मग त्यानं आईचं लावलं. मागे हँगरवर हँगर आपटल्याचा आवाज. एकदा ती नाक ओढते. ती इतकी जवळ होती, की मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"सूचना कापता येईल, हँगरही घालवता येतील," तो म्हणाला. "पण आवाज म्हाताराच राहणार."

मामा दारात उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "मला विचारशील तर तिचाच राहावा. पण मग लोक विचारणार, ती आहे कुठे? आणि मी खोटं नाही बोलू शकत गं. गेले कित्येक दिवस नुसता गप्प बसलोय, तेवढंच जेमतेम जमतंय."

मी म्हटलं, नटीचा लावा. ते कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले.

प्रक्षेपण सुरू झालं. मी भिंतीशी, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर. बाजूच्या पडद्यावर कॉमेंट्स वर सरकत होत्या, इतक्या भराभर की अर्ध्या वाचताच येत नव्हत्या. काकू कुठे. हा कोण टकल्या. काकूंना बोलवा. मामा उशिराबद्दल बोलले, गेममधल्या खालच्या मजल्यांबद्दल बोलले. कपाळावरचा घाम त्यांनी दोनदा टिपला. आवाजाचा विषय आला तसे ते अडखळले. "आवाजाबाबत तुमच्या तक्रारी आमच्यापर्यंत पोचल्या आहेत," ते म्हणाले, "आणि आम्ही असं ठरवलंय, की..."

तेवढ्यात एक कॉमेंट आली आणि आवाजाच्या माणसानं ती बोटानं दाखवली. 'बदलू नका. मी रात्रपाळीला एकटी असते, पहिला भाग मी तिथेच खेळले. तळाशी खरंच कुणी असेल तर असंच बोलेल. पण काकू, हा तुमचाच आवाज आहे ना? आजारी आहात का?'

मामांनीही ती वाचली. त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत, पुन्हा ठेवला. पडद्यावर तोच प्रश्न इतरांनी उचलला. सांगा ना. आजारी आहेत का. उत्तर द्या. काय झालं. टवाळी थांबली नव्हती, पण तिच्यामधून हे येत होतं, वाढत होतं. माझ्या हातातल्या फोनवर कंपनीतल्या बाईंचं नाव चमकत होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणून त्यांनी मान किती ताठ धरली होती, ते मला दिसत होतं.

मी फोन बंद केला. टेबलाला वळसा घालून गेले. मामा सरकले, मला अर्धी खुर्ची मिळाली. कॅमेऱ्याचा लाल दिवा डोळ्यांच्या अगदी समोर होता. पहिला शब्द निघाला तो फाटकाच निघाला, म्हणून मी पुन्हा सुरुवात केली.

"आवाज तिचाच आहे. तो बदलणार नाही. मी काकूंची मुलगी," मी म्हटलं. "आई गेली."