खाटेला कळलेली सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. पूर्वी मी एका इस्पितळात होते. पुढे रंग उडाला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. एके दिवशी एका डॉक्टरीणबाईंनी मला गदागदा हलवून पाहिलं. "ही अजिबात करकरत नाही. हीच हवी," त्या म्हणाल्या. मी हुरळून गेले! पण मला आणलं ते या खोलीत. इथे खिडकी नाही, घड्याळ नाही आणि माझे चारही पाय बोल्टने जमिनीला आवळलेले. कौतुकाची अशी शिक्षा कुणाला होऊ नये.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणाऱ्या एका रसाला लोक ताणाचा रस म्हणून नावं ठेवतात. पण धडधाकट माणसात तोच रस पहाटे चढतो, दिवसभर उतरत जातो आणि रात्री नावापुरता उरतो. घड्याळाशिवाय हे कसं चालतं, ते डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. म्हणून निरोगी माणसं इथे काही दिवस राहायला येत. झोप आली की दिवा मालवायचा, जाग आली की लावायचा. मधूनमधून कापसाची सुरळी चघळून नळीत टाकायची, म्हणजे लाळेतून तो रस मोजता येई. नर्सताईंनी वेळेचा सुगावा लागू द्यायचा नाही. त्या बिचाऱ्या जांभईसुद्धा गिळत.

एकदा एक कंडक्टरबाई आल्या. "मला काय धाड भरलीय? साधी सर्दी होत नाही," असं म्हणत त्या ऐसपैस बसल्या. प्रयोग संपला की दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी शिकायला दूरच्या शहरी निघणार होती. तिला सोडायला जायचं त्यांनी कबूल केलं होतं.

रोज बाईंचे डोळे उघडण्याआधीच त्यांच्या अंगाला जाग यायची. श्वास बदलायचा, पायाची बोटं हलायची, नाडीचे ठोके गादीतून माझ्यापर्यंत पोचायचे. माझ्या नशिबी तेवढीच काय ती सकाळ.

एकदा जेवण जड झालं आणि बाई दिवा मालवून आडव्या झाल्या. चांगल्या घोरल्या! उठल्या त्या मात्र जडावलेल्या. ती पहाटेची चुळबुळ या खेपेला झालीच नव्हती. "अगं बाई, उजाडलं वाटतं," म्हणत त्यांनी बोटांवर आणखी एक दिवस मोजला. मी मनातल्या मनात ओरडले, 'बाई, ही दुपार आहे, दुपार!' पण लोखंडाला तोंड कुठलं?

त्या एका डुलकीने बाई एक दिवस पुढे गेल्या. शेवटी एका सकाळी त्या दचकून उठल्या.

"ताई, प्रयोग कधीच संपला असणार. आज माझी मुलगी निघाली ना?"

"मला काही सांगता येत नाही हो," नर्सताई कशाबशा म्हणाल्या.

"अहो, ती दारात वाट बघत बसली असेल! आईला वेळ नव्हता, असं वाटेल तिला."

बाई माझ्या कडेला बसून हमसून हमसून रडल्या. मला सगळं ठाऊक होतं आणि मला इंचभरही हलता येत नव्हतं. असली कोंडी वैऱ्यावरही येऊ नये.

अखेर बाईंनी डोळे पुसले आणि घंटा दाबली. "मला जायचंय. आत्ता." हवं तेव्हा निघून जाता येईल असा नियमच होता, दाराला कुलूप कधीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी अडवलं नाही. आणखी एका जेवणापुरत्या बाई थांबल्या असत्या, तर प्रयोग पुरा झाला असता.

चादर बदलताना नर्सताई डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या, "बाईंचा फोन आला होता. मुलगी घरीच होती, बॅग भरत. यांनी तिला मिठी मारली आणि इतक्या रडल्या की पोरगीच घाबरली. म्हणाली, 'आई, मी उद्या जाणारेय!'"

डॉक्टरीणबाई हसल्या. "नळ्या बघितल्या मी. बाई चुकल्या, पण त्यांचं शरीर एकही दिवस चुकलं नाही."

मित्रांनो, तुमच्याही अंगात रोज पहाटे असंच कुणीतरी तुमच्याआधी उठून कामाला लागतं. त्याची रात्र उगाच जागून नासवू नका. आणि जमलं तर एखादं निरोगी माणूस इकडे पाठवा. बाई गेल्यापासून माझी सकाळ झालेली नाही.