तीन अक्षरी

अप्पांनी चाळीस वर्षं लाकडी ठोकळ्यांवर अक्षरं उलटी कोरली, कागदावर ती सुलटी उमटावीत म्हणून. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. समजतं किती, यावर डॉक्टरही हात वर करून मोकळे झाले.

तेव्हापासून घरात त्यांच्यासमोर कोणीही काहीही बोलायचं. खुर्चीसमोर कोण आवाज खाली करतं? धाकटी लेक तर उशाशी बसूनच दादाशी फोनवर बोलायची. पण सकाळच्या शब्दकोड्याचा नेम तिनं मोडला नव्हता. पूर्वी दोघं मिळून सोडवायचे, आता तीच वाचायची आणि तीच भरायची.

त्या दिवशीचं कोडं नेमकं छपाईवर निघालं.

"बंड, मालाची मागणी किंवा ठोकळ्यावरचा शाई लागणारा भाग. तीन अक्षरी." ती अडली. गंमत म्हणून तिनं पेन्सिल अप्पांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी कागदावर काहीतरी गिचमिड केलं. ती कागद उचलून ठेवायला निघाली, तर कपाटाच्या आरशात अक्षरं स्वच्छ दिसली : उठाव.

ती हसली, रडली, पुन्हा हसली. ठशाला फासतात ती? शाई. कोरायचं हत्यार? पटाशी. सगळं उलटं आणि सगळं बरोबर. अप्पांना सगळं समजतं हे दादाला सांगायला तिनं फोन उचलला, आणि हात तिथंच थांबला. सगळं म्हणजे कालचंही. काल याच पलंगावर बसून ती दादाला म्हणाली होती, "सुटले तर बरं होईल रे. तेही आणि मीही."

तिनं फोन ठेवला. मान वर करायची हिंमत होईना. काहीतरी करायचं म्हणून ती पुढचं वाचू लागली, "छापून झाल्यावर कागदाची ठोकळ्यापासून होते ती. तीन अक्षरी." वाचता वाचताच तिला उत्तर कळलं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

अप्पांनी सावकाश लिहिलं. एव्हाना तिला आरसा लागत नव्हता. चौकटीत 'सुटका' होतं. चौकटीबाहेर, कोऱ्या जागेत, त्यांनी आणखी तीन अक्षरं काढली होती : चालेल.

"अप्पा, मला तसं नव्हतं म्हणायचं," ती म्हणाली.

तसंच म्हणायचं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.