कूलरचे चार स्क्रू

"मास्तर, परत तेच!" फोटोवाल्याने कॅबिनेट टेबलावर आदळायचंच काय ते बाकी ठेवलं. "मोठा फोटो उघडला की बंद. आज नाही झालं तर दुसरीकडे नेतो."

मास्तर कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. शाळेशी त्यांचा संबंध विद्यार्थी म्हणूनसुद्धा फारसा आला नव्हता. पहिल्या खेपेला त्यांनी प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काढून धूळ साफ केली होती, दुसऱ्या खेपेला पॉवर सप्लाय बदलला होता. दुखणं जागच्या जागी.

आज त्यांनी प्रोसेसरवर मुद्दाम काम लादलं आणि तापमानाचा आकडा बघत बसले. आकडा भराभर चढला, मशीन बंद. पंखा तर मजेत फिरत होता. त्यांनी कूलर उचलला. खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट एका कोपऱ्यात पार चेपलेली, समोरच्या कोपऱ्यात जाडच्या जाड. कूलर तिरका बसला होता.

"कुठल्या गाढवानं बसवलाय हा?"

बायको आतल्या खोलीतून चहा घेऊन येत होती. "तुम्हीच की. धूळ काढलीत तेव्हा."

चारही स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, हे मास्तरांनी किती जणांना शिकवलं होतं! त्यांनी नवी पेस्ट लावून कूलर ठेवला, पेचकस घेतला. टोक स्क्रूच्या डोक्यावर टकटकत राहिलं, खाचेत काही बसेना. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरला, तर दोन्ही थरथरायला लागले. वर्षभर ही थरथर ते कधी थंडीवर ढकलत होते, कधी अपुऱ्या झोपेवर. आता खापर फोडायला कोणी उरलं नव्हतं. त्यांना फार भीती वाटली.

"अगं, हा धर जरा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना. तू फक्त फिरव. अर्धा फेरा. आता समोरचा... बास, परत पहिला."

ती ओठ घट्ट मिटून फिरवत राहिली.

मशीन चालू झालं. आकडा चढला आणि मध्यावर थांबला. फोटोवाल्याने त्याचा सगळ्यात मोठा फोटो उघडून पाहिला. "वा मास्तर! तुमच्या हाताला गुण आहे."

"माझ्या नाही," मास्तर म्हणाले, "हिच्या."

फोटोवाला हसत मशीन घेऊन गेला. त्याला ती थट्टा वाटली.

मास्तरांनी कप उचलला. गेले कित्येक महिने ती तो अर्धाच भरायची आणि ते तिच्या चिकटपणावर टोमणे मारायचे. चहा काठापर्यंत हिंदकळला, पण सांडला नाही.

"अजून आहे," ती नेहमीसारखंच म्हणाली. "हा संपला की देते."