बाकांच्या मागची सतरंजी

थांबा, चपला घालून पुढं येऊ नका! मी सतरंजी बोलतेय, छत्रपती संभाजीनगरच्या एका कॅथलिक चर्चमधली. अंगावर निळे-तांबडे पट्टे होते. आता मलाच ओळखू येत नाहीत.

मला सरूबाईंनी आणलं, गाव सोडून मुकुंदवाडीला राहायला आल्या तेव्हा. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला, माझ्यावर मांडी घालून बसायच्या. गावाकडची सगळी मंडळी तशीच बसायची. केरळच्या नर्सबाया आणि रेल्वेतली तमिळ माणसं खुर्च्यांवर. प्रार्थना ज्याची त्याच्या भाषेत. मला काय, सगळ्याच गोड वाटायच्या.

मग बाकं आली. सरूबाईंचा मुलगा सुदर्शन चर्चच्या समितीवर होता. तो म्हणाला, "आई, गावात वरच्या जातीच्यांनी आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खाली बसवलं. आता तरी वर बस."

"त्यांनी बसवलं ते येगळं," सरूबाई म्हणाल्या. "इथं मी माझ्या मनानं बसते."

तो ऐकेना. मला गुंडाळून सामानाच्या खोलीत टाकलं. लई राग आला मला! सरूबाई दोन रविवार बाकावर बसल्या, मग यायच्याच बंद झाल्या. वर बसून देवाशी बोलणंच होत नाय, असं त्यांनी फादरना सांगितल्याचं दाराआडून ऐकलं. मी तिथं धूळ खात पडले होते आणि त्या घरी. वाईट वाटायचं हो.

शेंद्र्याच्या कंपन्यांत झारखंडची उराँव आदिवासी मंडळी कामाला आली. त्यांतली अल्बिना तिर्की एका रविवारी आली, दारात चपला काढल्या आणि मागं नुसत्या फरशीवर बसली. सुदर्शननं तिला आदरानं बाकाकडं बोलावलं. तिला मराठी कळेना. आपली जागा चुकली असं वाटून ती उठली आणि पार दाराशी जाऊन बसली.

सुदर्शनचा चेहराच उतरला. माणसाला वर बसवायला गेला आणि दाराशी घालवून बसला. तसाच सामानाच्या खोलीत आला, मला बाहेर नेऊन झटकलं आणि बाकांच्या मागं अंथरलं. पुढच्या रविवारी आईला घेऊन आला.

आता सरूबाई आणि अल्बिना शेजारी बसतात. एकीचं बोलणं दुसरीला कळत नाय, तरी मिस्सा संपल्यावर दोघी मिळून मला गुंडाळतात.

मी विरत चाललेय. धुवायला न्या, पण रविवारच्या आत परत आणा. गेल्या रविवारी सुदर्शनही चपला काढून मागं आला. सरूबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि पदर आवरून त्याला जागा केली.